पावसाळ्यानंतर शीड उभारताय? या चुका टाळा

मुंबईच्या बंदरात हौशी शीडहोड्या पावसाळाभर बांधून ठेवलेल्या असतात. ऑक्टोबरात त्या पाण्यात उतरतात, आणि कोर्स केलाय, प्रमाणपत्र आहे, या भरवशावर लोक पहिल्याच रविवारी मित्रांना घेऊन निघतात. चार महिन्यांत सवय मोडलेली असते, हे कुणी लक्षात घेत नाही.

सगळ्यात आधी विसरतो तो माणूस पाण्यात पडल्यावरचा सराव. बहुतेक जण माणसाऐवजी पाण्यात फेंडर (होडीच्या कडेला धक्का झेलायला लावतात तो फुगा) टाकतात आणि हुकने उचलून घेतात. हलका फेंडर वाऱ्याबरोबर पळतो, माणूस तसा पळत नाही. म्हणून फेंडरला पाण्याने भरलेली बादली बांधा. भरल्या शिडाने वेगात परत येऊ नका. वाऱ्याखालून, क्लोज रीचवर (वारा तिरका पुढून घेत) या, म्हणजे शीट (शीड ताणून धरणारा दोर) सैल सोडली की होडीचा वेग मरतो. एकाने फक्त पडलेल्याकडे बोट दाखवत राहायचं, दुसरं कुठलंही काम करायचं नाही. खरी कसोटी पुढे आहे. भिजलेला, दमलेला मोठा माणूस दोघांनाही कठड्यावरून आत ओढता येत नाही. होडी नांगरलेली असताना, लाइफजॅकेट घातलेल्या कुणाला तरी पाण्यात उतरवून शिडी, दोराचा फास, जे असेल ते वापरून बघा. आणि सुकाणू दर वेळी वेगळ्याच्या हाती द्या, कारण पडणारा कप्तानही असू शकतो. माझ्या मते एवढा एक सराव झाल्याशिवाय हंगाम सुरूच करू नये.

भरतीचं गणित आपल्याकडे तोंडपाठ असतं: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ, म्हणजे अष्टमीला सहा वाजता. हिशेब उपयोगाचा आहे, पण त्यातून फक्त वेळ कळते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुंबईत पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं, आणि त्यातला जवळपास निम्मा फरक मधल्या दोन तासांत पडतो. प्रवाहाला जोर असतो तो तेव्हाच. संध्याकाळी खारा वारा पडला आणि नेमकी ओहोटी लागली, तर होडी पाणी कापत राहते पण किनाऱ्यावरची खूण जागची हलत नाही. असं दिसलं की झुंजत बसू नका. जहाजांच्या वाटेपासून दूर, उथळ जागी नांगर टाका आणि प्रवाह ओसरू द्या.

‘मोटरबोटीने शिडाला वाट द्यायची’ हा नियम अर्धाच लक्षात राहतो. अरुंद खाडीमार्गात न्हावाशेव्याकडे जाणाऱ्या मोठ्या जहाजाची वाट शीडहोडीने अडवायची नाही. शीड वर असलं तरी इंजिनावर चालताना तुमची होडी मोटरबोटच धरली जाते.

हवेने फुगणाऱ्या लाइफजॅकेटचं सिलिंडर घट्ट बसलंय का, वजन पुरेसं आहे का, फुगवणाऱ्या भागाची तारीख उलटली आहे का, हे दर हंगामात बघा. व्हीएचएफ म्हणजे होडीवरच्या रेडिओच्या १६ नंबर चॅनेलवर संकटात काय सांगायचं (‘मेडे’ ही मदतीची हाक तीनदा, होडीचं नाव, ठिकाण, काय झालं, माणसं किती) हे रेडिओजवळ लिहून चिकटवा. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर प्रत्येकाच्या फोनमध्ये हवा, फक्त कप्तानाच्या नाही.