टिप्याला घेऊन निघण्याआधी

अमेरिकेतल्या ॲरिझोनामधल्या फिनिक्सचा उन्हाळा कसा असतो ते सांगायला एकच आकडा पुरे. २०२३ मध्ये इथे सलग ३१ दिवस कमाल तापमान ११० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे ४३ सेल्सिअसच्या खाली आलंच नाही. अशा गावातून टिप्याला, म्हणजे आमच्या कुत्र्याला, ट्रक कॅम्परमध्ये घालून सुट्टीला निघायचं, तर आधी एसीकडे नाही, नकाशाकडे बघायचं. हजार फूट चढलं की साधारण साडेतीन अंश फॅरनहाइट उतरतात. फ्लॅगस्टाफ सात हजार फुटांच्या आसपास आहे, ग्रँड कॅन्यन दरीचा दक्षिण कडा, म्हणजे साउथ रिमही तेवढाच. अडीच तास गाडी चढवली की वीसेक अंश फुकटात कमी. सखल भागातल्या लेक हवासू या तळ्याचे फोटो कितीही सुंदर असोत, जून ते सप्टेंबर तिकडे फिरकायचं नाही, हे आमच्या घरी ठरलेलं आहे.

जागा ठरली की तिथले नियम वाचा. साउथ रिमवर कड्याच्या वरच्या वाटांवर कुत्रा पट्ट्याने नेता येतो, खाली दरीत नाही. दरीत उतरायचा बेत असेल तर कॅम्परच्या भरवशावर त्याला सोडू नका. तिथेच कुत्री सांभाळणारं केनेल आहे, ते आधी बुक करा आणि लसींचे कागद बरोबर ठेवा. मुक्कामासाठी मॅथर कॅम्पग्राउंड झाडीत आहे, पण विजेचं कनेक्शन नाही. ट्रेलर व्हिलेज या दुसऱ्या कॅम्पग्राउंडमध्ये ते आहे. सावली हवी की वीज, ते आधीच ठरवून ठेवा.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते, ट्रक कॅम्पर म्हणजे पिकअपच्या हौद्यात बसवलेली एक खोली. भिंती पातळ, आतली हवा थोडी, त्यामुळे ती पटकन गार होते आणि तितकीच पटकन तापते. गाडी चालू असताना कुत्रा पुढे, आपल्याजवळ केबिनमध्ये. ट्रकचा एसी मागच्या खोलीपर्यंत पोचत नाही, हे वेगळं सांगायला नको, पण मी लोकांना मागे कुत्रा ठेवून हायवेला लागताना पाहिलंय.

आता एसी. छतावरचा १३,५०० बीटीयूचा (हे गार करायच्या ताकदीचं माप) एसी चालू झाला की तेरा-चौदा अँप खातो, आणि कंप्रेसर सुरू होताना त्याहून कितीतरी जास्त. दोन हजार वॉटचा जनरेटर घेऊन उंचावर गेलात तर सॉफ्ट स्टार्ट (कंप्रेसर हळूहळू सुरू करणारं यंत्र) बसवल्याशिवाय त्याच्यावर विसंबू नका. विरळ हवेत दर हजार फुटांना त्याची ताकद तीनेक टक्क्यांनी घटते. जनरेटर चालवायच्या वेळाही कॅम्पग्राउंडवर ठरलेल्या असतात. त्याचा धूर खिडकीच्या दिशेने नको, आणि आतला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बटण दाबून बघा.

पण खरी तयारी एसी चालण्याची नाही, तो बंद पडल्यावर काय होईल त्याची. दोन वर्षांपूर्वी एका आरव्ही पार्कमध्ये, म्हणजे अशा फिरत्या घरांच्या तळावर, आम्ही एसी लावून चाळीस मिनिटांसाठी जेवायला गेलो. दुपारची वेळ, सगळ्यांचे एसी चालू, ज्या खांबावरून गाड्यांना वीज मिळते त्यावरचं व्होल्टेज बसलं. आमचं संरक्षक यंत्र १०४ व्होल्टच्या खाली वीज तोडतं, त्याने ती इमानेइतबारे तोडली. तापमान कळवणारा सेन्सर होता वायफायवर, आणि राउटर त्याच खांबाच्या विजेवर. दोघंही एकदम गप्प. परत आलो तेव्हा वीज आलेली होती, पण आमचा थर्मोस्टॅट वीज गेली की ‘बंद’वर जातो, हे आम्हाला तेव्हा कळलं. जमिनीवरच्या थर्मामीटरवर ९१ फॅरनहाइट. टिप्या दाराच्या फटीला नाक लावून धापा टाकत होता, आणि पाण्याचं भांडं उलटं पडलेलं.

तेव्हापासून निघायच्या आधी घराच्या अंगणात रंगीत तालीम करतो. एसी लावायचा, ब्रेकर पाडायचा, पाच मिनिटांनी उचलायचा आणि बघायचं की एसी आपणहून सुरू होतो का, फोनवर इशारा येतो का. सेन्सर आता स्वतःच्या बॅटरीवरचा, मोबाईल नेटवर्कवर चालणारा आहे. त्यामुळे जिथे नेटवर्क नाही तिथे टिप्याला एकटं सोडत नाही. सेन्सर ठेवायचा तो कुत्रा बसतो त्या उंचीवर, टेबलावर नाही. वीज गेल्यावर खोली किती मिनिटांत दहा अंश तापते तेही त्याच तालमीत मोजून घ्या. आमची वीस मिनिटांत तापते, म्हणून आम्ही पंधरा मिनिटांच्या पलीकडे जात नाही.

खिडक्यांना आणि छताच्या झरोक्याला रिफ्लेक्टिक्स, म्हणजे बुडबुड्यांचं चंदेरी उष्णतारोधक आवरण, कापून बसवा, ऑनिंग (बाजूचं कापडी छत) पश्चिमेला येईल अशी गाडी लावा. छतातला बारा व्होल्टचा पंखा हवा बाहेर फेकतो, सावलीच्या बाजूची एकच खिडकी उघडली की छान झुळूक येते. मात्र बाहेर ९५ असेल तर तो आत ९५चीच हवा आणणार.

आमचं माहेर अकोल्याचं, त्यामुळे वाळ्याच्या कूलरवर माझा जीव. इथल्या कोरड्या जूनमध्ये छोटा कूलर खरंच कामाचा आहे, वीजही कमी खातो. पण जुलैत इथलाही पावसाळा लागतो, हवा दमट होते, आणि मग कूलर नुसता घाम आणतो. कुत्र्याला तर आपल्यासारखा घामही येत नाही, तो धापा टाकूनच गार होतो. दमट हवेत धापाही वाया.

पिशवीत घ्यायचं ते असं: न सांडणारं भांडं, नेहमीपेक्षा दुप्पट पाणी, आणि मुक्कामाजवळच्या जनावरांच्या दवाखान्याचा नंबर कागदावर लिहून. जीभ गडद लाल, घट्ट लाळ, चाल लडखडती दिसली तर आधी अंगावर गार पाणी ओतायचं आणि वारा घालायचा, मग दवाखाना. सावरलेला वाटला तरी न्यायचंच. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, तो तापतो आणि उष्णता कोंडून धरतो.

शेवटची वस्तू दाराला चिकटवायची. ‘आत कुत्रा आहे, एसी चालू आहे, आम्ही इथेच आहोत’ असं इंग्रजीत, खाली फोन नंबर, वाटेवरून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत.