व्यवसायसूची काढायची आहे? आधी गल्लीत उतरा

दिवाळीच्या खरेदीआधी आपल्या भागातल्या दुकानांची सूची लोकांच्या मोबाईलवर हवी असेल, तर कोणतं ॲप घ्यायचं हा प्रश्न सध्या बाजूला ठेवा. भाग लहान धरा. बेळगाव, खानापूर, निपाणी असा पसारा एकदम मांडला की प्रत्येक गल्लीत दोनच दुकानं दिसतात आणि बघणारा पुन्हा फिरकत नाही. बेळगावातलं नुसतं शहापूर घेतलं तरी साडीवाले, सराफ, शिंपी यांत महिना जातो.

पत्त्यावर वेळ घालवा. खडेबाजार शहरात आहे तसा शहापुरातही आहे, म्हणून गल्लीसोबत भाग आणि जवळची खूण हवीच. सरकारदरबारी २०१४ पासून बेळगावचं बेळगावी झालं, तरी शोधणारे जुनं नावही टाकतात. दोन्ही नावं मराठी, कन्नड आणि इंग्रजीत भरून ठेवा. कर्नाटकात बोर्डावर ६० टक्के कन्नड बंधनकारक आहे, त्यामुळे नुसत्या फोटोवरून नाव उतरवू गेलात तर अडाल. कन्नड वाचणारा एक जण सोबत न्या, आणि मराठी नाव मालकाच्याच हातानं वहीत लिहून घ्या. काका गिऱ्हाईकात असतील तर थांबा. दुपारी जेवणानंतर निवांत बोलतात.

नंबर विचारूनच घाला. घरातून पापड, चकली विकणाऱ्या वहिनींचा घरपत्ता तर मुळीच नको, गल्लीचं नाव पुरे. गूगलवर दुकान चढवायचं असेल तर मालकाच्याच खात्यातून. उत्साही पोरं स्वतःच्या मोबाईलवरून खातं उघडतात, पुढं कामासाठी पुण्याला जातात, आणि दुकानाची वेळ बदलायचीसुद्धा मालकाच्या हातात राहत नाही. गूगलनं पडताळणीसाठी व्हिडिओ मागितला तर रस्ता, बोर्ड आणि आतलं दुकान एकाच सलग चित्रीकरणात दाखवावं लागतं. शटर उघडं असताना जा.

उद्यमबागेतल्या कारखान्यांसाठी वेगळा रकाना करा. तिथं फौंड्रीवाल्याला वेळ कुणी विचारत नाही, किती किलोचं कास्टिंग, म्हणजे ओतीव काम, निघतं ते विचारतात.

सोबत व्हॉट्सॲप ग्रुप काढणार असाल तर सीमाप्रश्न आणि निवडणूक पहिल्या दिवसापासून बाहेर. वाद पेटला की दुकानदार गप्प होतो, त्याला दोन्हीकडचं गिऱ्हाईक सांभाळायचं असतं. ग्रुप उघडण्याआधी चार-पाच दुकानदारांना सांगून ठेवा: कुणी कुंद्याची, म्हणजे बेळगावच्या मिठाईची, मोठी ऑर्डर विचारली तर तासाभरात भाव टाकायचा. आणि बंद झालेली दुकानं दर महिन्याला कोण काढणार, तेही आत्ताच ठरवा.