जुनी व्हेलर घेताना: आधी नंबर, मग वजन

नाथसागरावर किंवा विष्णुपुरीच्या पाण्यात चालवायला जुनी फायबरची बोट बघायला गेलात आणि विकणारा "ही अमेरिकन व्हेलर आहे", म्हणजे बॉस्टन व्हेलर कंपनीची बोट आहे, असं म्हणाला, तर आधी बोटीच्या मागच्या, इंजिन अडकवायच्या पाटाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात बघा. १ नोव्हेंबर १९७२ पासून अमेरिकेत बनलेल्या बोटींवर तिथे बारा अक्षरांचा नंबर असतो. त्याची सुरुवात 'बीडब्ल्यूसी' अशी नसेल, तर ती बॉस्टन व्हेलर नाही. बाजूवरचं स्टिकर कुणीही चिकटवतं. १९८४ नंतरच्या नंबरात शेवटची चार अक्षरं तारीख सांगतात. 'बी३९३' म्हणजे फेब्रुवारी १९९३, मॉडेलचं वर्ष ९३. नंबर खरवडलेला असेल किंवा त्यावर रंगाचा थर असेल तर सौदा तिथंच सोडा.

वर्ष कळलं की त्या वेळी कंपनी कुणाची होती तेही कळतं. डिक फिशरने १९५८ मध्ये कंपनी काढली, १९६९ मध्ये ती सीएमएल ग्रुपकडे गेली, १९८९ मध्ये बुटांच्या रीबॉकने घेतली, पुढे मेरिडियन स्पोर्ट्स आणि १९९६ पासून ब्रन्सविक. "जुन्या मालकाच्या वेळची बोट भारी" हे पालुपद फार ऐकू येतं. त्याला फार भुलू नका. मालकापेक्षा बोट कुठल्या साच्यातली आहे ते बघा, कारण बाकं, रेलिंग आणि सुटे भाग साच्यावर ठरतात.

मूळ तेरा फुटीचा तळ बोटींचे आराखडे काढणाऱ्या रे हंटचा. अल्बर्ट हिकमनच्या 'सी स्लेड' या जुन्या बोटीसारखे तळाला दोन बाजूंना दोन धावे ठेवले, पण मधल्या पोकळीतून हवा इंजिनाच्या पंख्यात शिरू लागली, म्हणून मध्ये तिसरा उंचवटा दिला. अशा रुंद तळामुळे कडेला उभं राहून जाळं ओढलं तरी ही बोट फारशी कलत नाही. मात्र जून-जुलैच्या वाऱ्यात नाथसागरावर लाटा उठल्या की तळ थपथप आपटतो आणि कंबर बोलायला लागते. त्याच हंटने बर्ट्रामच्या बोटींसाठी खोल 'व्ही' तळ काढला, तो लाट कापतो. कुठल्या पाण्यात चालवायची ते ठरवून मगच पैसे मोजा.

खरी भानगड पोटात. दोन फायबरच्या कवचांमध्ये फोम भरलेला असतो, म्हणून करवतीने कापली तरी बोट बुडत नाही. पण स्क्रूच्या उघड्या भोकांतून आणि निचऱ्याच्या पितळी नळीच्या कडेतून पाणी आत शिरतं आणि तिथंच राहतं. मेमध्ये ४२ अंशांत महिनाभर उन्हात ठेवली तरी फोम आतून सुकत नाही, वरून फक्त कोरडा दिसतो.

म्हणून वजन करा. इंजिन, टाकी, बॅटरी, बाकं काढून ट्रॉलीसह काट्यावर घ्या, मग रिकामी ट्रॉली तोला. साखर कारखान्याचा काटा पाच-दहा किलोच्या टप्प्यात दाखवतो. मार्केट यार्डातला छोटा काटा बरा. तेरा फुटीचा नुसता सांगाडा साधारण १४५ किलो भरतो. त्यावर ३० किलो निघाले, तर आत ३० लिटर पाणी आहे असं समजूनच भाव करा.

पाट तपासायला इंजिन वर उचलून त्याच्या खालच्या टोकावर हलकं वजन टाका. पाट लवला, तर आतलं प्लायवूड कुजलंय. शंका असेल तर आतल्या बाजूने तीन मिलिमीटरचं भोक पाडा: भुसा कोरडा आणि फिकट असावा. काळा, ओला निघाला तर पाट नव्याने बांधायचा खर्च धरा.

घेतलीच, तर पहिल्या दिवशी पितळी नळी बदला. जुनी ओढून काढा, भोक पूर्ण सुकू द्या, कडांना मरीन सीलंट लावा, रबरी ओ-रिंग घाला आणि नवी नळी तीन मिलिमीटर बाहेर ठेवून टोक पसरवा. बाथरूमचं सिलिकॉन इथे वापरू नका. त्यावर पुढे इपॉक्सी धरत नाही. रिकामी भोकं दाट इपॉक्सीने बुजवा, नवा स्क्रू त्यातच घ्या.