एक पुडी, एक ग्लास : पुराच्या भागात मेडिकल टीमबरोबर पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

दर पावसाळ्यात कोणाचा ना कोणाचा मेसेज येतोच, ताई मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, मी बी.फार्म करतोय, मला पण पूर आला की टीमबरोबर जायचंय, काय तयारी करू. प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसते आणि नेमकं महत्त्वाचं राहून जातं, म्हणून यावेळी एकत्रच लिहितेय. मी फार्मासिस्ट, घर कळव्याला, वागळे इस्टेटला एका मेडिकलच्या काउंटरवर सहा वर्षं काढलीत. गमबूट, ग्लोव्ह्ज, टॉर्च, धनुर्वाताचं इंजेक्शन आधी घेऊन ठेवणं हे सगळं तुम्हाला माहितीये असं धरून चालते. मला जिथे ठेच लागली ते मात्र सविस्तर सांगणार आहे, कंटाळा आला तरी वाचा.

२२ जुलै २०२१ ला महाड आणि चिपळूण पाण्याखाली गेलं, त्याच दिवशी तळीयेला दरड कोसळली. आम्ही दोन-तीन दिवसांनी रात्री तीन हात नाक्यावरून टेम्पो भरून निघालो, दोन डॉक्टर, एक वयाने मोठ्या सिस्टर, मी आणि सामान उचलायला तीन मुलं. महाडच्या बाजूला एका गावात झेडपीच्या शाळेत कॅम्प लावला. पाणी ओसरलं होतं पण वर्गात घोटाभर चिखल, आणि फळ्यावर पाणी कुठवर चढलं होतं त्याची मातकट रेघ, त्या रेघेच्या वर आदल्या कधीतरीचा सुविचार तसाच शाबूत. जुलाब-उलट्यांचे पेशंट पहिल्या दिवसापासूनच.

आमच्याकडे ओआरएसच्या, म्हणजे जुलाबात पाण्यात कालवून पाजायच्या मीठ-साखरेच्या पावडरच्या, छोट्या पुड्या होत्या, २०० मिली पाण्याच्या. मी टेबलावर बसून प्रत्येकीला सांगत होते, एक पुडी, एक ग्लास, उकळून गार केलेलं पाणी. दोन दिवसांत हे वाक्य इतकं तोंडात बसलं की झोपेत पण बोलले असते. तिसऱ्या दिवशी पुड्या संपल्या आणि दुपारी कुणीतरी मदत म्हणून पाठवलेला खोका आला, त्यात मोठ्या पुड्या, २०.५ ग्रॅमच्या, एक लिटर पाण्याच्या. रंगसंगती जवळपास तीच. रांग लागलेली होती, मी खोका फोडला आणि वाटायला लागले. पुडी हाताला मोठी लागली होती, हे मला आजही आठवतं. तरी तोंडातून तेच निघत राहिलं, एक पुडी, एक ग्लास. दोन रात्री झोप नव्हती, पण ते कारण मी कुणाला देत नाही, कारण टीममध्ये पुडीवरचं वाचायचं काम माझंच होतं, डॉक्टरांचं नाही, सिस्टरचं नाही.

संध्याकाळी एक आजी दीड वर्षाच्या नातवाला घेऊन आली. म्हणाली, ताई, पोरगं नुसतं पाणी पाणी करतंय, तुम्ही दिलेलं पाजलं की अजून रडतंय, जुलाब पण वाढलेत. पोर चिडचिडं झालं होतं, ओठ सुकलेले, जीभ कोरडी. डॉक्टर तपासत होते तोवर सिस्टरनी आजीच्या हातातला पेला घेतला, त्यातला एक घोट तोंडात घेतला आणि लगेच थुंकला. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागतंय गं, पुडी दाखव.

आता यात नक्की काय होतं ते नीट समजून घ्या. लिटरभर पाण्याची पावडर ग्लासभर पाण्यात गेली की पाणी पाचपट दाट होतं. असं दाट पाणी आतड्यात गेलं की शरीरातलंच पाणी आतड्याकडे ओढून घेतं, जुलाब वाढतात, रक्तातलं सोडियम चढतं, बाळाला भयंकर तहान लागते आणि आई त्याला तेच पाणी अजून पाजते. पुढे झटके येऊ शकतात. म्हणजे जे औषध जीव वाचवतं तेच पाण्याचं माप चुकलं की उलटतं. आणि उलट चूक पण असते, छोटी पुडी लिटरभर पाण्यात टाकली तर मीठ-साखर इतकी पातळ होते की काही उपयोगच नाही. आपल्याकडे बाजारात दोन्ही साईझ सर्रास मिळतात, काउंटरवर आपण रोज दोन्ही विकतो, आणि मदतीच्या खोक्यात त्या एकत्रच येतात.

त्या पोराला त्याच रात्री सरकारी दवाखान्यात हलवलं, चौथ्या दिवशी घरी आलं, बरं आहे. पण त्या रात्री मी आणि एक मुलगा टॉर्च घेऊन घरोघर फिरलो, ज्यांना ज्यांना त्या पुड्या गेल्या होत्या त्यांच्याकडून परत घ्यायला, कारण मी यादी केलेली नव्हती. कुणाला काय दिलं याची साधी वही नाही! चाळीसेक घरं आठवून आठवून गेलो. हे वाचणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगते, वही ठेवा. नाव, वय, काय दिलं, किती दिलं, चार रकाने पुरे.

दुसरी गोष्ट मला तिथेच दारोदारी कळली. लिटरभर म्हणजे किती हे सांगून भागत नाही, कारण भांडीच वाहून गेलेली असतात. एका घरी स्टीलचा पेला, दुसरीकडे चहाचा कागदी कप, तिसरीकडे तांब्या. आता मी पुडी देण्याआधी विचारते, घरात कशात कालवणार ते आणून दाखव. मदतीत आलेली लिटरची पाण्याची बाटली असेल तर उत्तम, नाहीतर त्यांच्याच तांब्यात बाटलीने पाणी मोजून ओतायचं आणि किती तांबे होतात ते सांगायचं. मग पहिली पुडी माझ्यासमोर कालवायला लावते. मान डोलावली म्हणजे समजलं असं धरू नका, बिचाऱ्या थकलेल्या असतात, घर गेलेलं असतं, तुम्ही काहीही म्हणालात तरी हो म्हणतील. कालवलेलं पाणी २४ तासांत संपवायचं, उरलं तर फेकायचं, हे पण तेव्हाच सांगायचं. मुलांना सोबत झिंक १४ दिवस, जुलाब थांबले तरी. आणि एका कॅम्पला एकच साईझ, दुसरी आली तर खोका चिकटपट्टी लावून बंद, वर जाड मार्करने मराठीत माप.

१९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्याची साथ होती तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ओआरएस ड्रममध्ये कालवून ठेवलं आणि नातेवाईक पेले भरभरून पेशंटला पाजत होते. मला हे कॉलेजात शिकवलं होतं, परीक्षेत लिहिलं पण होतं. त्या ड्रमचा अर्थ मला महाडला कळला. गर्दी जास्त असेल तर आम्ही आता हेच करतो, एका जबाबदार माणसाने मोजून कालवायचं, बाकीच्यांनी वाटायचं.

अजून एक, फळांच्या चवीचे टेट्रापॅक. मदतीत ढिगाने यायचे, नावात ओआरएस, आत साखरेचं पाणी. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, असल्या पेयांच्या नावात ओआरएस लिहायला बंदी केली, फार उशिरा केली असं माझं मत आहे. तरी जुलाबाच्या पेशंटला देण्याआधी पॅकवरचा मजकूर वाचाच.

बाकीचं भराभर सांगते. अर्ध्या कापलेल्या स्ट्रिप्स, सॅम्पलच्या गोळ्या, पुढच्या महिन्यात एक्सपायर होणारी सिरप, हे घेऊन जाऊ नका आणि कोणी देत असेल तर गोड बोलून नाही म्हणा. मदतीची औषधं पोचतील तेव्हा किमान एक वर्ष एक्सपायरी शिल्लक हवी, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या गाईडलाईनमध्येच आहे. लेप्टो, म्हणजे पुराच्या घाण पाण्यातून होणारा ताप, त्यासाठी डॉक्सी (डॉक्सिसायक्लिन, अँटिबायोटिक) सरसकट वाटायची नाही, गरोदर बायका आणि लहान मुलांना तर नाहीच, कुणाला द्यायची ते डॉक्टर ठरवतील. सगळे अँटिबायोटिक घेऊन धावतात आणि बीपी-शुगरच्या गोळ्या कोणीच नेत नाही, खरं तर तिसऱ्या दिवसापासून रांगेत तेच लोक असतात, "ती पांढरी बारीक गोळी" एवढंच सांगणारे. अंदाजाने देऊ नका, बीपी मोजा, शुगर तपासा, डॉक्टरांना दाखवा. इन्सुलिनला फ्रीज नसेल तर माठ चालतो, कुपी पिशवीत घट्ट बांधून. टीबीच्या पेशंटची फाईल वाहून गेली असली तरी टीबीच्या पेशंटच्या सरकारी निक्षय पोर्टलवर त्याची नोंद असते, जवळच्या सरकारी केंद्रात पाठवा, डोस चुकू देऊ नका.

आता शिकायचं कुठे? दोन दिवसांच्या ऑनलाईन कोर्सचं सर्टिफिकेट मला दाखवू नका, मला त्याचा राग येतो, खरंच. शिकायचं असेल तर एखाद्या जुन्या सिस्टरच्या मागे फिरा. मोठमोठ्या डॉक्टरांची भाषणं ऐकून मला जेवढं कळलं नाही तेवढं त्या सिस्टरनी घेतलेल्या एका घोटाने कळलं, आणि त्या रात्री त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत, माझ्यासोबत बसून सगळ्या पुड्या मोजल्या. असं माणूस मिळालं तर सोडू नका.

आणि लांब जायची घाई नको. तुर्भे स्टोअरला, दिघ्याला, मुंब्र्याला, येऊरच्या पाड्यांवर रविवारचे कॅम्प होतात. गर्दी, अपुरं पाणी, कागद नसलेले पेशंट, सगळं तिथे आहे, फक्त कॅमेरे नाहीत. वर्षभर तिथे टेबल सांभाळा. मेडसाँ साँ फ्राँतिए (डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स) सारख्या आंतरराष्ट्रीय मदत संस्था साधारण दोन वर्षांचा कामाचा अनुभव मागतात, फार्मासिस्टना पण घेतात, तेव्हा मेडिकलच्या काउंटरवरची वर्षं फुकट गेली असं वाटून घेऊ नका, स्टॉक, एक्सपायरी, बॅच नंबर, तिथे हेच काम असतं. डिझास्टरचंच शिक्षण घ्यायचं असेल तर देवनारला टिसमध्ये, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमध्ये, मास्टर्स आहे.

आणि ओळख, परवानगी काहीच नसताना स्वतःची गाडी काढून पहिल्या दोन दिवसांत पोचू नका, अजिबात नको. २०२३ च्या जुलैत इर्शाळवाडीला दरड कोसळली तेव्हा वर जायला रस्ताच नव्हता, माणसं पावसात चालत चढत होती. अशा वाटेवर एक बिनकामाचा माणूस म्हणजे बचाव पथकाला एक अडचण. आधी तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्याला फोन, ते सांगतील तिथे, सांगतील तेव्हा.

भीती वाटते असं खूप जणं लिहितात. वाटू दे. मला महाडनंतर वर्षभर ओआरएसचा खोका उघडताना हाताला घाम यायचा, काउंटरवर सुद्धा. घरी आई म्हणायची, नको जाऊस परत. सिस्टरनी पुढच्या जूनमध्ये फोन केला, येऊरला कॅम्प आहे, औषधाचं टेबल तुझं, येतेस ना. गेले. पहिल्या बाईला पुडी द्यायच्या आधी तीनदा वाचली, मग तिलाच विचारलं, वहिनी, घरी कशात कालवणार? ती म्हणाली, थांबा, आणते, आणि पाड्यावर जाऊन कळशीच घेऊन आली. बाटली रिकामी करून करून आम्ही दोघींनी ती कळशी मोजली.