एकाच दगडावर दोघांची नावं

घरातलं कोणी अमेरिकन लष्करात असेल किंवा होतं, तर दफनाचा विषय आजच काढा. आपल्याकडे तो अभद्र मानून टाळतात आणि मग नको त्या दिवशी कागद शोधत बसावं लागतं.

अमेरिकन सरकारने माजी सैनिकांसाठी राखलेल्या राष्ट्रीय दफनभूमीत माजी सैनिकाच्या कबरीतच त्याच्या जोडीदाराला जागा मिळते, जोडीदार आधी गेला तरीही. आमच्या ओळखीच्या एका घरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बाई नवऱ्याआधी गेल्या, म्हणून त्यांच्या अस्थींसाठी खासगी दफनभूमीत महागडी जागा घेतली. मला अजून त्याची हळहळ वाटते.

जागा, खोदाई, कबरीवरचा नावाचा दगड आणि कायमची देखभाल सरकार करतं. फ्युनरल होमचा, म्हणजे अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या संस्थेचा, आणि दहनाचा खर्च आपला. अस्थिकलशही पुरता येतो आणि दगडावर ॐ कोरून मिळतो. दगड मात्र सरकारच्याच मालकीचा राहतो. जोडीदाराचं नाव आणि तारखा त्याच दगडावर येतात. वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन दफनभूमीचे नियम वेगळे आणि कडक आहेत. ती दफनभूमी लष्कराच्या ताब्यात आहे.

अविवाहित मुलांना २१ वर्षांपर्यंत आणि पूर्णवेळ शिकत असतील तर २३ पर्यंत हक्क असतो. घटस्फोट झाला की जोडीदाराचा हक्क जातो.

सैनिकाच्या आईवडिलांचं काय, हे आपल्या लोकांचं पहिलं विचारणं असतं. एरवी त्यांना जागा नाही. पण ७ ऑक्टोबर २००१ रोजी किंवा त्यानंतर मुलगा किंवा मुलगी शत्रूच्या हल्ल्यात अथवा लष्करी प्रशिक्षणातल्या दुखापतीने गेली असेल, मागे जोडीदार किंवा हक्काचं मूल नसेल आणि कबरीत जागा असेल, तर २०१० च्या कायद्याने आईवडिलांना त्याच कबरीत विसावता येतं.

हक्क तपासून घ्यायला जिवंतपणीच अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याचा (व्हीए) ४०-१०००७ क्रमांकाचा अर्ज भरा. ठरावीक जागा राखून मिळत नाही, पण निर्णयाचं पत्र हातात राहतं. सोबत सेवामुक्तीचा कागद, म्हणजे डीडी-२१४, लागतो. आपली खरी अडचण जोडीदाराचं नातं दाखवणाऱ्या विवाह दाखल्याची. लग्नात नाव बदललं असेल, तर दाखल्यावर माहेरचं ‘सुमन’ आणि पासपोर्टवर सासरचं ‘मीनल’ असं होतं. पुढच्या भारतवारीत महानगरपालिकेतून किंवा ग्रामपंचायतीतून दाखल्याची प्रत काढा, नावबदलाचं राजपत्र असेल तर तेही जोडा, आणि सगळं डीडी-२१४ च्याच फाईलमध्ये लावून ती कुठे ठेवली ते मुलांना दाखवा.