ऊसतोडीच्या महिन्यात बंद राहिलेली गाडी

ऊसतोड सुरू झाली की मी महिना-दीड महिना खानापूरकडे शेतावर, आणि गाडी बेळगावात बोळात उभी. गेल्या जानेवारीत परत आलो तर किक मारून मारून पाय भरून आला, गाडी ढिम्म. कार्बोरेटरच्या (इंजिनला पेट्रोल-हवा मिसळून देणारा भाग) तळाचा स्क्रू सैल करून वाटीभर पेट्रोल काढलं, तर तळाला पाण्याचे मणी. पेट्रोलमधलं इथेनॉल ओलावा ओढतं, शिवाय अर्धवट टाकीत पहाटेच्या गारठ्यानं आतून दव धरतं.

यंदा टाकी गळ्यापर्यंत भरली. पेट्रोलचा कॉक (टाकीखालची तोटी) बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवलं, म्हणजे कार्बोरेटर रिकामा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.४च्या खाली गेली की चार्जिंगला लावायची. चेन पुसून तेल दिलं, गाडी मेन स्टँडवर. सायलेन्सरच्या तोंडात फडक्याचा बोळा, उंदरांसाठी (सुरू करण्याआधी तो आठवणीनं काढा).

मधल्या एका रविवारी जांबोटीला जायचं होतं. वायर जोडली, कॉक उघडला, चोक ओढला आणि दुसऱ्या किकला सुरू! इतका आनंद झाला. पण दोन मिनिटं सुरू करून बंद करू नका. वीस-पंचवीस मिनिटं चांगली पळवा, नाहीतर सायलेन्सरमधलं पाणी आतच राहून गंज धरतो.