रंग तुटला की कोळशाने नुसता धरून ठेवला?

टायटॅनियम डायऑक्साइड आणि सक्रिय कोळसा घालून निळं पाणी उन्हात ठेवलं की ते निवळतं. पण त्यावरून रंग नष्ट झाला असं ठरत नाही. हे तपासायला बडोद्यातली कुठलीही उघडी गच्ची पुरते. मोजणीसाठी मात्र कॉलेजचा कलरीमीटर, म्हणजे पाण्यातला रंग मोजणारं उपकरण, लागेल.

टायटॅनियम डायऑक्साइडची पावडर अनाटेज या स्फटिक प्रकारचीच घ्या. रंगाच्या दुकानातलं पांढरं टायटॅनियम बहुतेक वेळा रुटाइल या दुसऱ्या प्रकारचं असतं आणि उन्हात रंग खराब होऊ नये म्हणून त्याच्या कणांवर सिलिका-अ‍ॅल्युमिनाचा थर दिलेला असतो. म्हणजे आपल्याला हवं तेच, उन्हात रंग तोडण्याचं काम त्यात मुद्दाम बंद केलेलं.

१०० मिग्रॅ मेथिलीन ब्लू हा निळा रंग १ लिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा. त्यातलं ५० मिली घेऊन ५०० मिली करा. १८ सेंमी व्यासाच्या सपाट काचेच्या भांड्यात हे पाणी सुमारे २ सेंमी उभं राहतं. याहून खोल नको. २२५ मिग्रॅ अनाटेज आणि २५ मिग्रॅ कोळशाची पूड खलात एकजीव करून घाला. कोळसा याहून वाढवू नका, काळी पूड प्रकाश खाते. पूड हाताळताना मास्क लावा. फिशटँकचा हवापंप लावा: पूड तरंगती राहते आणि पाण्याला ऑक्सिजन मिळतो. ऑक्सिजन नसेल तर प्रकाशाने पावडरीत सुटलेले इलेक्ट्रॉन परत जागेवर जातात, काम थांबतं.

आता भांडं ३० मिनिटं अंधारात ठेवा. ही पायरी गाळली तर पुढचे सगळे आकडे फुकट. या पाण्यात रंग आहे एकूण ५ मिग्रॅ. चांगला कोळसा ग्रॅमला १०० ते ३०० मिग्रॅ मेथिलीन ब्लू धरतो, म्हणजे आपले २५ मिग्रॅ अडीच ते साडेसात मिग्रॅ. ऊन न लागताही पाणी निवळू शकतं!

म्हणून तीन भांडी जोडीला हवीत: नुसता रंग उन्हात, नुसता कोळसा उन्हात, आणि पूर्ण मिश्रण अंधारात. पहिलं चुकवू नका, मेथिलीन ब्लू उन्हात आपणहूनही थोडा फिका पडतो. मग मुख्य भांड्यातली पूड गाळून तिच्यावर पुन्हा नवा ५ मिग्रॅ रंग घाला, असं चार-पाचदा. नुसता कोळसा लवकरच भरतो आणि पाणी निळं राहतं. प्रकाशात रंग तुटत असेल तर मिश्रण पुढेही चालू राहतं.

साडेअकरा ते दोनचं ऊन घ्या. अनाटेजला ३८७ नॅनोमीटरखालचे किरण लागतात आणि सूर्यप्रकाशात अतिनील भाग जेमतेम ४-५ टक्के, त्यामुळे खिडकीच्या काचेआड ठेवू नका. मे महिन्यात पाणी भराभर उडतं. भांडं वजन करून ठेवा आणि दर नमुन्याआधी घट डिस्टिल्ड पाण्याने भरा, नाहीतर रंग वाढलेला दिसेल.

दर २० मिनिटांनी ५ मिली काढून सेंट्रिफ्यूज करा, म्हणजे यंत्रात जोरात फिरवून पूड तळाला बसवा, मग वरच्या पाण्याचा रंग ६६४ नॅनोमीटरच्या आसपास मोजा. साध्या फिल्टर पेपरमधून पूड निसटते आणि तिचा गढूळपणा कलरीमीटरला रंगच वाटतो.

बोअरचं पाणी वापरलं तर वेग घसरेल, कारण त्यातलं बायकार्बोनेट रंग तोडणारे हायड्रॉक्सिल रॅडिकल गिळतं. विश्वामित्री नदीचं पाणी घ्यायचं तर आधी गाळ बसू द्या. रंग गेल्यावरही तुकडे उरतात. ते सीओडीसारख्या, पाण्यातले सेंद्रिय पदार्थ मोजणाऱ्या चाचणीत कळतात, डोळ्यांना नाही. हे पाणी कोणीही पिऊ नये.